टाळ आधी, हात मागाहून: भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज का सरकतो

प्रश्न थोडक्यात असा. पंचवटीतल्या एका भजनी मंडळाचा एकादशीचा कार्यक्रम, दोन तासांचा. मोबाईल ट्रायपॉडवर, सभामंडपाच्या मागच्या टोकाला. खिशात मावणारा रेकॉर्डर पेटीच्या शेजारी, जमिनीवर. घरी येऊन दोन्ही जुळवलं तेव्हा सुरुवात चोख बसली. पण तासाभराने टाळाचा आवाज आधी येतो आणि हात मागाहून मिळतात. आरतीला दिवे मालवले तिथून तर उलटंच: हात आधी, आवाज मागाहून, तोही चांगला सेकंदभर. शिवाय टाळांच्या गजरात बुवांचा आवाज पार दबलाय. "रेकॉर्डर स्वस्तातला आहे म्हणून होतंय का? महागातला घेऊ का?"

नका घेऊ. रेकॉर्डर बदलून यातलं काहीच सुटणार नाही. निदान तुमच्या वर्णनातच आहे. एकाच व्हिडिओत आवाज आधी पुढे पळतो आणि मग मागे पडतो, याचा अर्थ दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. पुढे पळण्याचं कारण मोबाईल आणि रेकॉर्डर या जोडीत आहे, मागे पडण्याचं निव्वळ मोबाईलमध्ये. बुवांचा आवाज दबला त्याचा तर सिंकशी, म्हणजे आवाज-चित्र जुळण्याशी, काही संबंध नाही, तो रेकॉर्डर कुठे ठेवला याचा प्रश्न आहे. हे तिन्ही वेगळे केले की प्रत्येकावर उपाय आहे, आणि बहुतेक फुकटात आहे.

पहिलं दुखणं आधी घेऊ. रेकॉर्डरच्या पोटात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. त्याच्या ठोक्यावर रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचा नमुना घेतो. मोबाईलमध्येही असाच स्फटिक असतो, पण तो वेगळा. एकाच दिवशी वेळ लावलेली भिंतीवरची दोन घड्याळं महिन्याभराने वेगळी वेळ दाखवतात, तसंच हे. साध्या उपकरणांतल्या स्फटिकांत दहा लाखांत २० ते ५० भागांचा फरक असणं अगदी सामान्य आहे. दहा लाखांत ३५ धरा: तासाला ३,६०० सेकंद, म्हणजे फरक झाला ०.१२६ सेकंद. सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे ३० सुट्या चित्रांच्या, व्हिडिओत या जवळजवळ चार फ्रेम. दोन तासांनी पाव सेकंद.

तुमच्याकडे आवाज पुढे पळतोय, म्हणजे मोबाईलच्या मानाने तुमच्या रेकॉर्डरचं घड्याळ मंद आहे. त्याने खऱ्या एका तासात हवे त्यापेक्षा थोडे कमी नमुने घेतले. वाजवताना सॉफ्टवेअर मात्र ४८,००० च्या हिशेबाने वाजवतं, त्यामुळे फाइल तासाच्या आधीच संपते. घड्याळ जलद असतं तर आवाज हळूहळू मागे पडला असता, आणि गंमत म्हणजे तुमच्या ते लवकर लक्षातही आलं नसतं. आवाज मागून येण्याची आपल्या कानाडोळ्यांना जन्माची सवय आहे. लांब धोपटणाऱ्या धोब्याचा हात आधी दिसतो, आवाज नंतर ऐकू येतो. आवाज आधी आणि कृती नंतर असं मात्र निसर्गात कधीच होत नाही, म्हणून ते पटकन खटकतं. प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.१३५९ नावाची शिफारस आहे. तिच्यात हेच आकड्यांत मांडलंय: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांच्या लक्षात येतं, पण मागे पडलेला आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. टाळासारख्या टोकदार आवाजाला मी याहून कडक माप लावतो. संवादात जे खपतं ते टाळात खपत नाही.

हे दुखणं काही मोबाईलबरोबर जन्मलेलं नाही. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये आपली कंपनी नाशिकला घेऊन आले तेव्हा चित्रपट मुके होते, संगीत थिएटरात बसून वाजवलं जायचं, त्यामुळे ते या कटकटीतून सुटले. १९२० च्या दशकात अमेरिकेत व्हायटाफोन आलं. त्यात चित्र फिल्मवर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर असे, दोन्ही यंत्रं एकमेकांना जोडून फिरवत. सुई एक खाच उडाली किंवा फिल्म तुटून दोन फ्रेम कमी झाल्या, की पुढचा सगळा खेळ बिघडला. आवाज फिल्मच्याच कडेला छापायला लागले तेव्हा कुठे प्रश्न मिटला. वेगळा रेकॉर्डर वापरणारे आपण सगळे पुन्हा त्या तबकडीच्या काळात गेलो आहोत. चांगल्या आवाजासाठी तेवढं चालतं.

आता आरतीनंतरचं. टाइमलाइनवर रेकॉर्डरचा ट्रॅक म्यूट करा आणि मोबाईलचा स्वतःचा आवाज मोबाईलच्याच चित्राबरोबर ऐका. माझी खात्री आहे की आरतीपासून पुढे तोही जुळत नसेल. तसं असेल तर रेकॉर्डर निर्दोष सुटला.

मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतो असं आपण धरून चालतो. पण बरेचसे मोबाईल उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश जास्त मिळतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. निरांजनाच्या उजेडात कुठे ३०, कुठे २९, कुठे २४. मोबाईलवर पाहताना काही कळत नाही, कारण प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते आणि प्लेअर ती पाळतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती वेळ न पाहता फ्रेम एकापुढे एक ३० च्या चालीने मांडत जातं. फ्रेम कमी, त्यामुळे चित्र लवकर संपतं आणि आवाजाच्या पुढे निघतं. मिनिटाला फक्त ३० फ्रेम कमी पडल्या तरी तेवढ्या एका मिनिटात पूर्ण सेकंदाचा फरक पडतो. तुम्ही सांगितलेला सेकंद तो हाच.

खात्री करायला मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल की कॉन्स्टंट ते दिसतं. व्हेरिएबल असेल तर एडिटिंगला हात लावण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल काढा: व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३० निवडा, त्याखाली कॉन्स्टंट फ्रेमरेट, आणि क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास. दोन तासांच्या फाइलला वेळ लागेल, रात्री लावून झोपा. बाहेर आलेल्या फाइलमध्ये मोबाईलचा आवाज आणि चित्र शेवटपर्यंत जुळतंय हे आधी पाहा आणि मगच रेकॉर्डरचा आवाज त्याला लावा. हा क्रम उलटा केलात तर वाकड्या फुटपट्टीने मोजल्यासारखं होईल.

पुढच्या वेळी हे टाळायचं तर आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्यात, रेकॉर्ड व्हिडिओखाली, ऑटो एफपीएस आहे, तो बंद करा. अँड्रॉइडवर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत ॲप वापरून फ्रेम रेट आणि शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) बांधून टाका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइटचं लुकलुकणंही जातं. आरतीत चित्र थोडं काळपट येईल. येऊ द्या, निरांजनाचा उजेड तेवढाच असतो.

आता हाताशी असलेलं रेकॉर्डिंग दुरुस्त करू. व्हिडिओ सरळ करून झाला, राहिला घड्याळाचा पाव सेकंद. यावर दोन वाटा आहेत.

पहिली हिशेबाची. अगदी सुरुवातीचा आणि अगदी शेवटचा असा एकेक टोकदार आवाज शोधा, जो मोबाईलच्या आवाजातही आहे आणि रेकॉर्डरच्याही. टाळाचा सुटा ठोका मिळाला तर उत्तमच. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचं रेषांचं चित्र, इतकं मोठं करा की ठोक्याची उभी कड दिसेल. टाळाचा नाद पुढे लांबवर रेंगाळतो, त्याकडे बघू नका. शांत रेषेतून पहिली उसळी जिथे उठते तीच जागा धरायची. समजा मोबाईलवर या दोन ठोक्यांत ७,००० सेकंदांचं अंतर आहे आणि रेकॉर्डरवर ६,९९९.७५५ सेकंदांचं. फरक ०.२४५ सेकंद, म्हणजे दहा लाखांत ३५. आता ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डरच्या फाइलचा नेमका तेवढाच तुकडा निवडा, चेंज स्पीड अँड पिच उघडा आणि नव्या लांबीच्या रकान्यात ७,००० सेकंद तास-मिनिट-सेकंदांत भरा: १ तास ५६ मिनिटं ४० सेकंद. झालं.

स्पीड बदलला की सूर बदलेल, ही धास्ती पेटीवाल्यांना हमखास वाटते. हिशेब करा: अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात, आणि या दुरुस्तीने सूर सरकतो एका सेंटच्या सोळाव्या भागाएवढा. कोणत्याही बुवांना तो कळणार नाही. उलट सूर न बदलता लांबी बदलणारा चेंज टेम्पो इथे वापरूच नका. तो आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा सांधतो, आणि टाळाच्या ठोक्याची धार नेमकी त्या सांध्यात बोथट होते.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण भजनाची बांधणीच तिला सोयीची आहे. एक अभंग संपतो, कुणी खोकतं, कुणी पखवाजाला कणीक लावतं, बुवा पुढच्या अभंगाचा सूर धरतात. अशा प्रत्येक जागी रेकॉर्डरचा ट्रॅक कापायचा आणि पुढचा तुकडा किंचित सरकवून नव्याने जुळवायचा. दहा मिनिटांच्या अभंगात घड्याळ फक्त २१ मिलिसेकंद सरकतं, म्हणजे एक फ्रेमही नाही. तुकडे सरकवून मध्ये पडलेली बारीकशी फट क्रॉसफेडने (एक आवाज विरत असताना दुसरा चढवून) बुजवा. स्पीडला हात नाही, गणित नाही, आणि अभंगवार तुकडे वेगळे मिळतात ते मंडळाला हवेच असतात. ख्यालासारखं तासभर अखंड गाणं असेल तेव्हा मात्र पहिलीच वाट.

डाविंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्हसारखं एडिटिंग सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म पाहून आपोआप जुळवून देतं. बेशक वापरा. पण ते फक्त एका जागी जुळवतं, घड्याळ सरकण्यावर त्याच्याकडे उपाय नाही. आणि ते एक बारीक चूकही करून ठेवतं, जी मागून चित्रण करणाऱ्या प्रत्येकाला भोवते.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, नाशिकच्या सुखद २५ अंशांत. तुमचा मोबाईल बुवांपासून १५ मीटरवर असेल तर त्याच्यापर्यंत आवाज ४३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. चित्र मात्र लगेच पोचतं. म्हणजे मोबाईलच्या फाइलमध्ये आवाज आधीच एका फ्रेमहून थोडा मागे आहे. रेकॉर्डर बुवांजवळ होता, त्याचा आवाज वेळेवर आहे, पण सॉफ्टवेअर त्याला मोबाईलच्या उशिराच्या आवाजाशी जुळवतं आणि तोही एक फ्रेम मागे जातो. म्हणून आपोआप जुळवल्यावर चित्रात टाळ मिटताना बघून आवाज हाताने एक फ्रेम पुढे, म्हणजे तेवढा आधी वाजेल असा, आणायचा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर ११-१२ मीटरला एक फ्रेम, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. रामकुंडावरची गोदाआरती पलीकडच्या काठावरून ६० मीटरवरून टिपली तर फरक पाच फ्रेमचा होतो. तिथे मात्र मी तो पूर्ण काढत नाही. लांबून दिसणाऱ्या दृश्यात आवाज किंचित मागून आला तरच ते लांबचं वाटतं.

तपासताना ब्लूटूथ हेडफोन लावू नका. त्यातला आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी मागे असतो. काही प्लेअर चित्र तेवढं मागे घेऊन सांभाळून घेतात, पण एडिटिंग सॉफ्टवेअर सांभाळेलच असं नाही, आणि मग तुम्ही ठाकठीक असलेला आवाज हलवून बिघडवून ठेवता. वायरचे हेडफोन, साधे असले तरी चालतील.

आता बुवांचा आवाज. माझ्या मते तुमच्या रेकॉर्डिंगचं खरं नुकसान इथे झालंय. पाव सेकंद दुरुस्त होतो. टाळांखाली गाडला गेलेला गळा कुठल्याही सॉफ्टवेअरने धड वर येत नाही.

रेकॉर्डर पेटीच्या शेजारी जमिनीवर ठेवला की पेटीचा भाता, पट्ट्यांची खटखट आणि फरशीतून येणारा पखवाजाचा धक्का आधी जातो, गळा शेवटी. तो जमिनीवरून उचला. छोट्या स्टँडवर, बुवांच्या छातीच्या उंचीवर, तोंडाकडे किंचित वर रोखलेला, दोन फुटांवर ठेवा. टाळकरी बुवांच्या मागे अर्धवर्तुळात, जमेल तेवढे मागे. बुवा ६० सेंटीमीटरवर आणि टाळकरी अडीच मीटरवर असले तर अंतर चौपट झालं, आणि अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो या हिशेबाने टाळ १२ डेसिबलने खाली बसले. बंद सभामंडपात भिंतींमुळे फायदा थोडा कमी होईल, तरी ऐकताच कळेल इतका राहतो. टाळकऱ्यांना मागे सरका म्हणणं अवघड असतं याची मला कल्पना आहे. वयाने मोठी माणसं असतात, जागा ठरलेल्या असतात. मग सांगायचं, "काका, तुमच्या टाळाचा नाद जवळून फाटतो, थोडं मागून घ्या, गोड येईल." हे खोटंही नाही.

फरशीवर सतरंजी घाला, घुमणं थोडं कमी होतं. पंख्याच्या खाली रेकॉर्डर नको, पात्याची घरघर आणि वारा दोन्ही माइकवर येतात. ऑटो लेव्हल बंद. ती चालू असली की टाळ वाजताना रेकॉर्डर सगळंच दाबतो आणि थांबले की पंख्याची घरघर फुगवून वर आणतो, श्वास घेतल्यासारखी. गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, हाताने लावा, आणि तोही बुवांच्या आलापावर नाही, तर गजर टिपेला पोचल्यावर. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. २४ बिट ठेवलंत तर आलाप कितीही हळू वाटला तरी नंतर खरखर न वाढता उचलता येतो. लो कट, म्हणजे खालचे खोल आवाज गाळणारी सोय, बंद ठेवा. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा धूम खाली खोल असतो, ८० हर्ट्झला कट लावलात की पखवाज पोकळ वाजतो. घाटावर, गंगापूर धरणावर, वाऱ्यात मात्र लो कट चालू आणि माइकवर केसाळ टोपी. रेकॉर्डरबरोबर मिळणारी फोमची टोपी बाहेरच्या वाऱ्याला पुरत नाही.

बुवांना कॉलर माइक लावायचा विचार असेल तर प्लगवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर तो मोबाईलचा, रेकॉर्डरला दोन रेघांचा लागतो, नाहीतर अडॅप्टर. रेकॉर्डरच्या मेनूत प्लग-इन पॉवर (माइकला वीज देणारी सोय) चालू करावी लागते, ती विसरली की माइक मेलाय असं वाटतं. आणि उपरणं घासतं. मी भजनात कॉलर माइकच्या फंदात पडत नाही, कीर्तनकार एकटे उभे असतील तेव्हाच वापरतो.

देवळाच्या साउंडवाल्याकडून थेट तार घ्यावी का, हा पुढचा प्रश्न येईलच. घ्या, पण दोन गोष्टी सांभाळून. मिक्सरचा लाइन आउट माइकच्या मानाने फारच जोरदार असतो. छोट्या रेकॉर्डरच्या माइकच्या भोकात सरळ खुपसलात तर गेन शून्यावर आणूनही आवाज फाटतो. लाइन इनची सोय नसेल तर आवाज उतरवणारी, आत रेझिस्टर असलेली केबल घ्यावी लागते. दुसरं, मिक्सरमध्ये फक्त माइकसमोर जे आहे तेच येतं. बुवांचा गळा स्वच्छ मिळेल, पण टाळ, मागचा कोरस, सभामंडपाचा भरलेपणा यातलं काही नाही. म्हणून तार एका रेकॉर्डरवर आणि समोरचा मोकळा आवाज दुसऱ्यावर, असं दोन्ही घेऊन मिसळतात. मोकळा माइक दहा मीटरवर असेल तर तोही २९ मिलिसेकंद मागे असतो, आणि दोन्ही एकत्र वाजवले की बुवा डब्यात बसून गातायत असं वाटतं. मागचा ट्रॅक तेवढा पुढे ओढा, डबा उघडतो.

ढोलाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण नाशकात राहून रेकॉर्डर घेतलाय म्हणजे गणपतीच्या आधी कुठल्या तरी पथकाच्या सरावाला जाणारच. तिथे नियम वेगळे आहेत. छोट्या रेकॉर्डरांपैकी झूम एच१एनच्या माइकांची कमाल मर्यादा कंपनी १२० डेसिबल सांगते, टास्कम डीआर-०५एक्सची १२५. ढोलाच्या तोंडाशी ही रेषा सहज ओलांडली जाते. झूमच्याच एच१इसेन्शियलसारखे ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले तेव्हापासून लोकांचा समज झालाय की आता काहीच फाटत नाही. फाइल फाटत नाही हे खरं, पण माइकचा पडदाच त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला गेला तर फाटलेलाच आवाज त्या फाइलमध्ये सुखरूप साठतो. उपाय जुनाच: लांब जा. पथकापासून पंधरा-वीस पावलं, शक्यतो ओट्यावर किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, म्हणजे पहिल्या रांगेतला एकच ढोल बाकीच्यांना खात नाही आणि ताशाही वेगळा ऐकू येतो. कानात बोळे घाला. आणि लांब गेलात की दर ११-१२ मीटरला एक फ्रेम, ते वर सांगितलंच आहे.

नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे आवाज टिपणारे कधीकधी सिंकबद्दल विचारतात. तिथे सिंक विसरा. पहाटेचा आवाज सलग अर्धा तास वेगळा घ्या आणि हव्या त्या चित्राखाली घाला. पाणथळीवरच्या शेकडो पक्ष्यांत कोणाची चोच कधी उघडली ते कोणी मोजत नाही.

पुढच्या एकादशीला सुरुवात करताना एवढं करा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलवर लावा. ४४.१ वर राहिला आणि एखाद्या सॉफ्टवेअरने ती फाइल ४८ समजून वाजवली, तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एकचे बुवा पांढरी दोनच्याही वर ऐकू येतील, तेव्हा चूक लपणार नाही, पण कार्यक्रम परत होत नसतो. आधी रेकॉर्डर चालू, मग मोबाईल. मग एका टाळकऱ्याला कॅमेऱ्यात दिसेल असा एकच ठोका द्यायला सांगा, नाद विरेपर्यंत सगळे थांबा, आणि मग गजर सुरू. पसायदान झाल्यावर तसाच एक ठोका. टाळीपेक्षा टाळ बरा, मागच्या मोबाईलपर्यंत त्याची कड स्पष्ट पोचते. मधे रेकॉर्डर बंद करू नका. या सेटिंगला तासाला साधारण एक जीबी लागते, आणि बरेच रेकॉर्डर २ जीबीला फाइल बंद करून दुसरी उघडतात, म्हणजे दोन तास चार मिनिटांच्या आसपास, नेमकं तुमच्या पसायदानाच्या मध्यावर. घाबरू नका, दोन्ही फाइल एकापुढे एक चिकटवल्या की सांधा दिसत नाही. दुसरी फाइल वेगळी जुळवत बसू नका.

सेल नवे घाला. चार्ज होणारे असतील तर मेनूत तसा प्रकार निवडा, नाहीतर बॅटरीचा आकडा चुकीचा दिसतो. रेकॉर्डिंग चालू असताना सेल संपले तर काही रेकॉर्डर फाइल नीट बंदच करत नाहीत.

पैसे खर्च करायचेच असतील तर छोटा स्टँड, केसाळ टोपी आणि वायरचे हेडफोन, याच क्रमाने. सगळ्या यंत्रांची वेळ एक ठेवणाऱ्या टाइमकोडच्या डब्या सिनेमावाल्यांसाठी ठीक, एका मोबाईलला आणि एका रेकॉर्डरला त्यांची गरज नाही. रेकॉर्डर बदलण्याचा विचार साउंडवाल्याची तार नियमित घ्यायची ठरली तरच करा, आणि मग एक्सएलआर (तीन पिनांचं माइकचं भोक) आणि लाइन इन असलेला घ्या.

त्याआधी एका रविवारी घरी मोबाईल आणि रेकॉर्डर शेजारी ठेवून तासभर चालू ठेवा, दोन्ही टोकांना टाळ वाजवा आणि दहा लाखांत किती फरक पडतो ते काढा. हा आकडा त्या जोडीचा कायमचा असतो, थंडीत आणि उन्हाळ्यात थोडा हलतो इतकंच. कागदाच्या पट्टीवर लिहून तो रेकॉर्डरच्या पाठीला चिकटवा. मोबाईल बदललात की पट्टी काढून पुन्हा मोजा.